तोंडी समज देऊनही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर भाजीवाल्यानं मापात कसं मारलं हेसुद्धा मी रोज सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुमचाही पुरता भरवसा वाटत नाही, पण असो.

माझा स्वभावच संशयी. बारामतीतल्या एका डेअरीच्या ऑफिसात मी कामगारांच्या रजा, बदल्या, नोटिसा बघते. आजारपणाचा दाखला आला की आधी शिक्का उजेडाला धरते. आजी वारली म्हणून सुट्टी मागणाऱ्याला 'कितवी?' असं विचारते. माझ्या माघारी मला फौजदारीणबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

मग हे माझ्याच हातून कसं झालं?

आमच्याकडे एक जुनी पद्धत. पत्र बाहेर जाण्याआधी एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, दोघांनी सह्या करायच्या. साहेबांनी एआयकडून पत्रांचे नमुने करून घ्यायला सांगितलं, तेव्हाही ही अट कायम होती. मी कारणे दाखवा नोटिशीचा नमुना मागितला. मिनिटभरात समोर हजर — आणि काय ती भाषा, थेट कलेक्टर कचेरीतली! तिच्यावर कसला संशय घ्यायचा? मी वाचलाच नाही. ऐकणाऱ्याची सही शेजारच्या टेबलावरून घेतली. फौजदारीणबाईंनी वाचलंच असणार, असं त्याला वाटलं.

नाव-गावासाठी जागा मोकळ्या होत्या. एक ओळ मात्र कायमची छापलेली होती — 'यापूर्वी तोंडी समज देऊनही आपल्या वर्तनात सुधारणा झालेली नाही.'

पहिली नोटीस गेली दिनकरतात्यांना. इंदापूरकडे निरवांगीला आमचं दूध संकलन केंद्र आहे, ते तात्या बघायचे. एका सकाळी केंद्र उशिरा उघडलं, एवढीच तक्रार. बावीस वर्षांत दुसरी नाही. तिसऱ्या दिवशी ते नोटीस घेऊन माझ्यासमोर उभे.

"उशीर झाला, त्ये मान्य हाय बाई. पण मला समज दिली कुणी? कवा? मला तर कोन काय बोललं न्हाय."

मी कागद घेतला आणि वाचला — पहिल्यांदाच. 'तात्या, ही ओळ चुकून आलीय, चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणाले? ऑफिस हसेल म्हणून. दुसऱ्यांच्या चुका भिंगातून शोधणारी बाई न वाचताच सही करते, हे कळेल म्हणून. बस, एवढ्याचसाठी.

"तुमच्या सुपरवायझरनी वर काही कळवलं असेल," मी म्हणाले. कागदाकडेच बघत.

सुपरवायझर म्हणजे पणदऱ्याचे विलासराव. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एका डब्यात जेवणारे. तात्यांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली.

"इलासनं? ... व्हय. मग बराबर हाय."

नोटीस पुढे निकालात निघाली. नमुन्यातली ती ओळ मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप काढून टाकली. तरी आजही प्रिंटरपाशी दोघं हळू बोलले की मला वाटतं — कळलं की काय यांना?

महिन्याभरानं विलासराव आले. "दिनकर माझ्याशी बोलंना झालाय. तुमच्या कानावर काय आलंय का, बाई?" मी म्हणाले, नाही बुवा. म्हणजे खोटं एकदाच नाही, दोनदा बोलले. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला बसले होते आणि ते सारखे मांडवाच्या दाराकडे बघत होते. तात्या आले नाहीत. मला लाज वाटली. तरी जेवून, आहेर करून घरी आले.

गेल्या महिन्यात तात्या निवृत्त झाले. पेढे वाटत टेबलाटेबलावरून फिरत होते. माझ्या हातावर त्यांनी दोन ठेवले.

"समद्या हापिसात तुमी एकट्याच माझ्याशी खरं बोललासा."

पलीकडच्या टेबलावर विलासराव बसले होते. त्यांनी हात थोडा पुढे केला होता. तात्या बॉक्स घेऊन त्यांच्यासमोरून तसेच पुढे गेले.

मी बघत होते. दोन्ही पेढे मी खाल्ले.