टेबलापलीकडचा चंद्र

नानांना विचाराल तर चंद्र म्हणजे डोंगर आणि खड्डे. बाकी सगळं किरकोळ. विज्ञान संग्रहालयानं भिंतीवर लावायला चंद्राचा एक भाग प्लास्टरमध्ये मागितला, तेव्हा भोवतीचे डोंगर न् खड्डे नानांनी स्वतःकडे ठेवले आणि मधलं काळं मैदान बायकोच्या गळ्यात मारलं. सपाट तर आहे, तुला जमेल, असं वर ऐकवलंही. बायको हसली आणि त्यांच्या प्लास्टरच्या कारखान्यात टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून कामाला लागली.

आता चंद्रावरचं मैदान म्हणजे काही पोळपाट नव्हे. फार पूर्वी तिथे पोटातून उकळता लाव्हा वर आला, अजस्र खोलगट जागेत भरला आणि थिजून काळा खडक झाला. मग आपल्याच भारानं तो मध्ये खचला, आक्रसला आणि त्यावर लांबच लांब वळ्या उठल्या, दुधावरच्या सायीला उठतात तशा. हे सगळं बायकोनं वाचून काढलं होतं. जेवताना ती सांगायला लागली की नाना हं हं करत ताटात बघायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण कुणाचं ऐकून घ्यायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

मैदान पुरं झालं आणि बायकोनं अंथरूण धरलं, ती त्यातून उठलीच नाही. नंतर नाना एकटेच कारखान्यात येत, तिच्या मैदानावरचं कापड उचलून बघत आणि पुन्हा झाकून ठेवत.

संग्रहालयाच्या बाई काम बघायला आल्या. डोंगर पसंत पडले, पण मैदानापाशी त्या थबकल्या. वळ्यांच्या जागी चर कोरलेत, म्हणाल्या. जे वर हवं ते आत गेलंय. मैदान तेवढं कापून काढू आणि तिथे यंत्रावर केलेलं बसवू, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सुचवलं. बायकोच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं. चार दिवस द्या, मीच दुरुस्त करतो, असं ते कसंबसं म्हणाले.

त्या गेल्यावर नानांना बायकोचाच राग आला. दोघं ज्यावरून काम करत, त्या टेबलावर टाचलेल्या चंद्राच्या फोटोत वळ्या ढळढळीत दिसत होत्या. डोळे कुठे होते हिचे? चिडचिड करत ते समोरच्या खुर्चीत, तिच्या खुर्चीत, धपकन बसले. आणि फोटोतल्या वळ्या बघता बघता आत गेल्या. चर झाले.

ऊन वरून पडतंय असंच डोळा धरून चालतो. फोटो उलटा झाला की उजेड खालून येतो आणि उंचवट्याचा खळगा दिसतो. टेबल एक, फोटो एक, आणि तो कायम नानांकडे तोंड करून. वळ्या तिनं वाचल्या होत्या, पण समोर दिसले चर, तेच तिनं कोरले. मग त्यांना आठवलं, तिनं एकदा म्हटलं होतं, "फोटो जरा माझ्याकडे फिरवता का?"

"आधी माझे खड्डे होऊ देत," नाना म्हणाले होते. तिनं पुन्हा विचारलं नव्हतं.

नाना तोंडावर हात धरून रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टर कालवलं. चर खरवडून टाकणं सोपं होतं, पण नाना खरवडेनात. नवा थर धरायला खालच्या थराला खाचा पाडाव्याच लागतात, तिच्या त्या आयत्या होत्या. त्याच भरत भरत त्यांनी वर वळ्या उठवल्या. बाईंनी वळ्यांवरून बोटं फिरवली आणि मैदान जागच्या जागी राहू दिलं. हमाल सगळा चंद्र उचलून घेऊन गेले.

टेबलावर फोटो तेवढा राहिला. नानांनी टाचण्या काढून तो तिच्या बाजूला फिरवला आणि आपल्या जागी येऊन बसले. आता त्यांना सगळंच उलटं दिसत होतं.

"सांग आता," ते समोरच्या खुर्चीला म्हणाले, "ऐकतोय मी."