पाटीतल्या भाकऱ्या थंड होत्या

मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या सोशिकपणाचं कौतुक करायची वेळ कुणावर येणार नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलजवळ राहत होतो. नवरा रिसर्च पार्कमध्ये केमिस्ट होता. एका जुलैत मराठी मंडळाच्या अध्यक्षकाकांचा फोन आला. "अगं, पंधरा ऑगस्टच्या प्रोग्रॅमला एक फ्रीडम फायटर मिळालेत. मुलाकडे ह्यूस्टनला आलेत, तीन दिवस आपल्याकडे येतील. तुमची एक्स्ट्रा बेडरूम आहे ना? होस्ट कराल का?" मग त्यांनी नाव सांगितलं. मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होते, ती तशीच राहिली. "करू की," मी म्हटलं. "आनंदाने करू."

"पाहुणे म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात," नवरा म्हणाला. "आज काय झालं?"

"देशभक्ती," मी म्हटलं.

हा माणूस माझ्या आईच्या माहेरचा, कृष्णाकाठच्या गावचा. बेचाळीसनंतर त्या भागात गावांनी इंग्रजांचा अंमल झुगारून स्वतःचा कारभार सुरू केला होता. पोरं उसात लपून राहत आणि त्यांच्याकडे ठासणीच्या जुन्या बंदुका होत्या. त्या बंदुकांची दारू त्यांना नदीपलीकडे पोचवावी लागायची आणि उतारावर पोलिसांचा पहारा असायचा. माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली. डोक्यावर पाटी, पाटीत खाली दारूच्या पुड्या, वर भाकऱ्या, अशी ती नावेतून पलीकडे जायची आणि यायची. एकदा नव्हे, अख्खा हिवाळा. पकडली गेली असती तर काय झालं असतं, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले. आईनेही अर्ज केला. म्हाताऱ्या नावाड्याने तिच्या बाजूने जबानी दिली होती, पण त्याने दिली ती तिच्या माहेरच्या नावाने. लग्नात आईचं आडनाव बदललं, तसं नावही बदललं, आपल्याकडे बदलतात तसं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि जुनी पोरगी पुसली गेली. कचेरीतला कारकून म्हणाला, "जबानीतली बाई वेगळी, अर्जातली बाई वेगळी. या दोघी एकच, असं एखाद्या मान्यताप्राप्त सैनिकाकडून लिहून आणा." गावात तसा माणूस एकच होता, आमचे हे पाहुणे.

आई मला घेऊन त्याच्याकडे गेली होती. मी कॉलेजात होते. त्याने आम्हाला बसाही म्हटलं नाही. आईकडे पाहून म्हणाला, "तेव्हा पन्नास पोरी भाकऱ्या आणायच्या. कुणाकुणाला ध्यानात ठेवायचं?" आईने पदर डोक्यावरून सारखा केला आणि वळली. रस्त्यात मला म्हणाली, "तो इसरला न्हाई." तेवढंच. पुढे वर्षाभराने आमच्या कॉलेजात याचंच भाषण झालं. त्यात त्याने सांगितलं, की बाईचं लुगडं नेसून, डोक्यावर पाटी घेऊन आपण स्वतः पोलिसांसमोरून दारू नेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात होता.

अमेरिकेत मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून मी गावच्या लायब्ररीत फुकट काम करायचे. इतिहासाच्या खोलीत जुन्या जबान्यांच्या नकला होत्या, त्या वाचून कार्डांवर टिपायच्या. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी इंग्रजांशी जे युद्ध केलं, त्यात लढलेल्यांनी म्हातारपणी पेन्शनसाठी कोर्टापुढे शपथेवर दिलेल्या जबान्या. भिंतीवरच्या चित्रांत निळे कोट, लाल कोट आणि घोड्यांवरचे सेनापती होते. कागदांत मात्र शेतकरी होते. एकजण सांगतो, गवत कापायचं होतं म्हणून घरी गेलो, कापून परत आलो. दुसरा सांगतो, दोन बार काढून पळा असाच हुकूम होता, म्हणून पळालो. लाल कोटवाल्या इंग्रजांची शिस्तीची फौज मैदान मारायची आणि दुसऱ्या दिवशी उपाशी बसायची, कारण आसपासच्या घरांतलं पीठ आदल्या दिवशीच कुठेतरी गेलेलं असायचं. कुणाला पीठ द्यायचं आणि कुणाला चुकीची वाट दाखवायची, हे चुलीपाशी बसलेल्या बाया ठरवत होत्या. त्या वाचताना मला सारखं माझ्या आजोळचं गाव दिसायचं.

एका विधवेची जबानी मी तीनदा वाचली. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली. तिने पिठाच्या पोत्यात दारू लपवून ओढ्यापलीकडे नेली होती. न्यायाधीशाने विचारलं होतं, ओढ्याला पाणी किती होतं? पोतं कुठल्या खांद्यावर होतं? पीठ कशाचं होतं? शेवटी विचारलं होतं, कोरडं होतं का? बाई म्हणाली होती, कोरडंच, ओल्या पिठात दारू कोण ठेवेल? मी एकटीच मोठ्याने हसले. तिथल्या म्हाताऱ्या लायब्ररियनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खोटे अर्जही पुष्कळ यायचे. म्हणून ते असं बारीकसारीक विचारायचे." त्या बाईला तिचा मान मिळाला होता. माझ्या आईला असलं काही कुणी विचारलंच नव्हतं.

पाहुणे शुक्रवारी आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, खिशाला ताम्रपटाचा छोटा बिल्ला. नवऱ्याने वाकून नमस्कार केला. मी नाही केला, माझे हात पिठाचे होते. ते मुद्दामच होते. मी मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि तव्यावरच्या थेट ताटात वाढल्या. "वा, सूनबाई," तो म्हणाला, "या परमुलखात भाकरी! माहेर कुठलं तुमचं?"

"सांगते," मी म्हटलं. "उद्या कार्यक्रमात सांगते."

मी भाकऱ्या वाढत राहिले. खाली ठेवलेल्या भाकरीला वाफेने पाणी सुटत होतं आणि ताटाचा तळ ओला होत होता. मला तेव्हा एकदम आईचं बोलणं आठवलं. ती पहाटे भाकऱ्या करायची, सुपात पसरून पुरत्या गार करायची आणि मगच पाटीत भरायची. म्हणायची, "गरम भाकरीला घाम येतो. पुड्या भिजल्या तर पोरं मरतील." शिवाय शिळी कडक भाकरी पोलीस मागत नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात होता. झेंडा, बटाटेवडे, मुलांची देशभक्तीपर गाणी. मग तो उभा राहिला. उसातल्या रात्री सांगितल्या आणि अखेर लुगड्यावर आला. चालून दाखवलं, मान वेळावून दाखवली. "पोलीस म्हणतो, ए पोरी, पाटीत काय? मी म्हटलं, दादा, गरम गरम भाकऱ्या हायेत!" लोक खुर्च्यांवर हलून हसत होते. अध्यक्षकाकांनी डोळे पुसले. मग ते म्हणाले, "कुणाला काही क्वेश्चन्स?"

मी उभी राहिले. हातात लायब्ररीतली कोरी कार्डं होती, त्यावर माझे प्रश्न लिहिलेले.

"काका, पाटीत खाली काय होतं?"

"दारूच्या पुड्या, बाळा. बंदुकीच्या दारूच्या."

"कशात बांधलेल्या?"

"कागदात."

"आणि त्यावर भाकऱ्या. गरम?"

"तव्यावरच्या. आत्ताच सांगितलं की."

मी पुढे काही बोलायच्या आत मागच्या रांगेतला एक पीएचडीचा विद्यार्थी म्हणाला, "पण यार, स्टीम होईल ना? पावडर वेट होईल." शेजारचा हसला. माझा नवरा, जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस, मान हलवत म्हणाला, "करेक्ट. ब्लॅक पावडर ओली झाली की संपली."

हसणं हळूहळू थांबलं. तो म्हणाला, "इतक्या वर्षांची गोष्ट..." मी म्हटलं, "पाटी डोक्यावर होती की कमरेवर? पाटीखालची चुंबळ कशाची होती? नावेत पाटी कुठे ठेवायचात?" तो टोपी काढून कपाळ पुसत राहिला. मग मी माझं माहेर आणि आजोळ सांगितलं. आईचं लग्नाआधीचं नाव सांगितलं, लग्नानंतरचं सांगितलं, आणि म्हटलं, "भाकऱ्या थंड होत्या, काका. तिने गार केल्या होत्या, म्हणून तुम्ही जिवंत आहात." अध्यक्षकाका "अगं, पाहुणे आहेत ते" असं काहीतरी म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

घरी आलो. मी त्याला जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी कागद आणि पेन ठेवलं. त्याने ताट बाजूला सारलं. "मी लुगडं नेसलो होतो, ते खोटं नाही," तो हळूच म्हणाला. "तुझ्या आईचंच होतं. पोलीस गावात आले, तेव्हा मी ते नेसून तुझ्या आजोळच्या घरी धान्याच्या कणगीमागे बसलो होतो. पाटी घेऊन गेली ती तुझी आई."

"लिहा," मी म्हटलं.

"तुझी आई आणि जबानीतली पोरगी एकच, एवढं लिहितो. तेवढं पुरेल कचेरीला."

"कणगीसुद्धा लिहा."

त्याने लिहिलं. मी जवळ उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होते. सोमवारी ह्यूस्टनच्या विमानाआधी त्याला बँकेत नेलं. तिथल्या नोटरी असलेल्या बाईसमोर त्याने सही केली, तिने शिक्का मारला आणि "हॅव अ नाइस डे" म्हटलं. मी तो कागद रजिस्टर्ड पोस्टाने आईला पाठवला. सोबत भावाला लिहिलं, की ताबडतोब कचेरीत द्या.

आईने दिला नाही. भावाचं पत्र आलं ते फेब्रुवारीत. आई म्हणाली होती, "कचेरीत मागनं दिऊ. आधी गावात वाचू." कागद तिने पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि प्रजासत्ताकदिनापर्यंत थांबली. त्या सकाळी ती माहेरी, शाळेच्या झेंडावंदनाला गेली. तो अमेरिकेहून परतला होता आणि दर वर्षीसारखा पहिल्या खुर्चीवर होता. आईने कागद हेडमास्तरांच्या हातात दिला. त्यांनी आधी मनात वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई म्हणाली, "मोठ्यानं." हेडमास्तरांनी सगळा वाचला, लुगडं आणि कणगीसकट, अख्ख्या गावासमोर.

कुणी हसलं नाही, भावाने लिहिलं होतं. आई चालत त्या खुर्चीपाशी गेली. फडक्यात बांधलेली भाकरी सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. भाकरीची वाफ निघत होती.

"आता खा गरम," ती म्हणाली. "आता खाली काय न्हाई."