सात ते नऊचा ठराव

सन २०२५. मला शहात्तरावं लागलं होतं, आणि गावात सगळ्यात जास्त बातम्या मलाच ठाऊक असतात अशी माझी समजूत होती. शाळा म्हणाल तर तिसरी. पुढं रेल्वेत गँगमन म्हणून लागलो आणि मुदखेडच्या लाईनवर चौतीस वर्षं रुळाखाली खडी ठोकली. वाचायला नीट आलं ते तिथंच, दुपारच्या सुट्टीत, भाकरी बांधून आणलेल्या पेपरवर. म्हणून अजूनही मी मोठ्यानं वाचतो. मनातल्या मनात वाचलेलं मला कळत नाही.

रोज सकाळी गावातल्या हॉटेलात मी पेपर वाचायचो आणि चार जण ऐकायचे. राजकारणाचं पान मी सोडून देतो. मला बातमी आवडते ती या फोनची. अमुक अ‍ॅपवर बंदी. पैशाच्या खेळांवर बंदी. बाहेरच्या देशात सोळा वर्षांखालच्या पोरांना अमुक ठिकाणी खातं उघडायला मनाई. कुठं काही गडबड झाली की तेवढ्या भागाचं इंटरनेटच बंद. माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि अर्धं अजूनही आहे. बंदी घातली अशी बातमी रोज येते, बंदी पाळली गेली अशी बातमी मी आजवर वाचलेली नाही. सरकार नियम करतं पण त्या नियमापाशी माणूस उभा करत नाही. रेल्वेत तसं नव्हतं. लाईनवर काम निघालं की दोन तासांचा ब्लॉक मिळायचा. त्या दोन तासांत त्या रुळावरून गाडी नाही म्हणजे नाही, आणि दोन्ही अंगाला लाल झेंडी घेऊन माणूस उभा. तो माणूस मी होतो.

एका सकाळी हे सांगितल्यावर हॉटेलवाला म्हणाला, "आबा, मग घ्या की गावाचा ब्लॉक."

तो चेष्टेनं म्हणाला. मी मनावर घेतलं.

ग्रामसभेत मी उभा राहिलो. संध्याकाळी सात ते नऊ गावात कुणी फोन चालवायचा नाही. सातला ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजेल, नऊला परत वाजेल. आजारपण आणि आग सोडून सवलत नाही. ज्याचा फोन सापडेल त्याचा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रामपंचायतीच्या कपाटात. बायांनी एका आवाजात पाठिंबा दिला. त्यांचे नवरे जेवताना ताटाकडं बघत नव्हते. सरपंचबाई म्हणाल्या, "आबा, ठराव करनं सोपं हाय. बसनार कोन?"

"मी बसतो," म्हणालो.

हॉटेलवाला एकटा विरोधात. "मायला, लोक माझ्याकडं चहा प्यायला येत न्हाईत, फोन बघायला येतात. चहा निस्ता भाडं हाय खुर्चीचं."

सभा हसली आणि ठराव झाला.

आता घरातलं सांगतो, कारण खरी गोष्ट घरातली आहे. माझा मुलगा नांदेडहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स चालवतो. संध्याकाळी तो गाडीवर असतो, फोन बंद. घरात मी आणि सून. आणि नात लातूरला, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला, होस्टेलवर. तिथं पोरींचे फोन रेक्टरबाई कपाटात ठेवतात आणि दिवसातून एक तास देतात. तो तास संध्याकाळी सात ते आठ.

सुनेनं हे मला सभेच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"मामा, तिचा फोन सातलाच येतो. आपल्यापुरतं काहीतरी बघा."

"आपल्यापुरतं बघितलं तर गाव आपल्यापुरतं बघंल. होस्टेलवाल्यांना सांग येळ बदलायला."

"दोनशे पोरी आहेत तिथं. आपल्या गावासाठी बदलतील का?"

"मग रविवारी बोला."

"रविवारी तिची टेस्ट असते, मामा. फोनच देत नाहीत."

मी पेपर उघडला. उत्तर नसलं की मी पेपर उघडतो.

पहिले पंधरा दिवस ठराव झकास चालला. भोंगा झाला की मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसायचो. तिथून मोठी गल्ली सगळी दिसते. लोक बाहेर बाज टाकून बोलत बसायचे. येता जाता टोमणे मारायचे, "आबा बसले रे, फाटक पडलं." मला त्याचा राग नव्हता. फाटक पडलं म्हणूनच तर गाडीखाली कुणी येत नाही. तालुक्याच्या पेपरात चार ओळी छापून आल्या. नाव नव्हतं, "एका ज्येष्ठ नागरिकाच्या पुढाकाराने" असं होतं. ते कात्रण मी पाकिटात ठेवलं. खोटं कशाला बोलू.

सून त्या दिवसांत संध्याकाळी दूध आणायला जायची आणि उशिरा यायची. मी म्हणायचो बायका बोलत उभ्या राहतात. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी ओट्यावर बसलेलो असताना हॉटेलवाला समोर येऊन उभा राहिला.

"आबा, एक इचारू का? ठराव येशीच्या आतला का भायेरचा?"

"का रे?"

"न्हाई, तुमच्या घरचं टावर एसटीच्या शेडमधी हाय म्हून इचारलं. रोज सातला लागतं."

चार जण हसले. मी उठलो, शेडकडं गेलो. सून शेडच्या मागं, बाभळीला टेकून फोनवर बोलत होती. हातात दुधाची किटली. मला बघून तिनं फोन बंद केला. पोरीचं वाक्य अर्धवट राहिलं असणार. मी पुढं, ती मागं, असे घरी आलो. ओसरीवर आल्यावर मी म्हणालो, "उद्यापासनं शेडमधी बी न्हाई."

"शेड गावाच्या हद्दीबाहेर आहे, मामा."

"मी गावाच्या हद्दीत हाय ना? लोक मला हसून राहिले."

ती म्हणाली, "तुम्हाला हसतात म्हणून पोरीशी बोलायचं नाही का?" आणि आत गेली. तिनं परत फोन लावला नाही. माझा शब्द तिनं मोडला नाही, आणि तेच वाईट झालं.

आठ दिवस गेले. या आठ दिवसांत आणखी एक झालं जे मला नंतर कळलं. क्लासमधून दर सोमवारी मार्कांचा मेसेज आपोआप बापाच्या फोनवर येतो. त्या सोमवारी पोरीचे मार्क फार खाली आले होते. मुलानं गाडीच्या गडबडीत तो मेसेज उघडलाही नव्हता. पण पोरीला एवढंच ठाऊक होतं की मेसेज घरी गेला आणि त्याच आठवड्यात आईनं बोलता बोलता फोन कापला आणि नंतर उचललाच नाही. ठराव सुनेनं तिला सांगितला होता, पण आई तर रोज शेडमधून बोलतच होती की. मग एकाएकी बंद कशी? तिनं तिचा हिशोब लावला. मीही तोच लावला असता.

नवव्या दिवशी दुपारी दीडला सुनेचा फोन वाजला. आम्ही जेवत होतो. सून ऐकत राहिली आणि तिनं घास ताटात परत ठेवला. मग फोन माझ्याकडं दिला. रेक्टरबाई होत्या.

"तुम्ही आजोबा का? अहो, मुलगी तीन दिवस क्लासला गेली नाही. जेवत नाही. बॅग भरून पलंगावर बसलीय. म्हणते कमी मार्कांचा मेसेज गेला तसं घरच्यांनी बोलणं टाकलंय, शिकून काय करू."

"तिला फोन द्या."

"येत नाही म्हणते. संध्याकाळी सात वाजता पुन्हा करून बघा, मी समोर बसवते तिला."

"सातच्या आधी न्हाई जमायचं का?"

"आता निघाले की पावणेसातपर्यंत मी दुसऱ्या इमारतीत असते. सातला करा."

सातला. मी पाणी प्यायलो आणि हात धुतला. ताटात अर्धी भाकर होती ती तशीच राहिली. सुनेनं मुलाला फोन करून विचारलं, तर मार्कांचा मेसेज त्यानं उघडलाच नव्हता.

दुपारभर मी ठरावाचं कलम मनात उलटंपालटं केलं. आजारपण आणि आग सोडून. पोरगी जेवत नाही ते आजारपणात बसतं का? बसवता आलं असतं. सरपंचबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मानही डोलावली असती. पण ते मला पटेना. पोरीला आजार नव्हता. पोरीला मी नडलो होतो. आणि खरं म्हणजे ब्लॉक असताना सुद्धा मुकादम आधी कंट्रोलला विचारायचा की कुठली गाडी कुठं आहे, मग रूळ उखडायचा. मी कुणालाच विचारलं नव्हतं. सांगितलं होतं तेसुद्धा ऐकलं नव्हतं.

सातला भोंगा वाजला. सून फोन घेऊन आतल्या खोलीत निघाली.

"आत नको," मी म्हणालो. "ओसरीवर बस. दिवा लाव."

"लोक बघतील."

"बघू दे की."

मी फोन लावायला सांगितला आणि आवाज मोठा ठेवायला सांगितला, कारण मला कमी ऐकू येतं. गल्लीतले बोलायचे थांबले. हॉटेलवाला समोर बाजेवर होता, तोही उठून बसला.

रेक्टरबाईंनी फोन उचलला. मग पोरीचा आवाज. "कोण?"

"मी हाव, आबा."

"भोंगा झाला असेल ना तिकडं? सात वाजून गेले."

"झाला."

"मग तुम्ही फोनवर कसे?"

"मोडून राहिलो."

"तुम्ही?"

"हाव, मीच. ऐक. तुझी आई रुसलेली न्हाई. मार्काचा मेसेज तुझ्या बापानं आजवर उघडला बी नव्हता. आईचा फोन मी बंद केला. गावात लोक हसले म्हून."

 ती म्हणाली, "आबा, मार्क लई कमी आहेत."

"किती का असंनात. मी तिसरी हाय. मला काय सांगती?"

ती हसली की रडली ते मला कमी ऐकू येतं म्हणून कळलं नाही. मी फोन सुनेकडं दिला. त्या दोघी आठपर्यंत बोलल्या. पोरीनं शेवटी एवढं कबूल केलं की बॅग सोडते, रात्री मेसला जेवते, पण आईनं रोज सातला बोललं पाहिजे. एक दिवस चुकला तर नांदेडची एसटी धरीन, म्हणाली. रेक्टरबाईंनी मागून सांगितलं की आत्ताच जेवायला नेते.

ओट्यावर त्या दिवशी मी गेलोच नाही. गल्लीत दोन-चार फोन उजळले. सरपंचबाई येऊन ओसरीच्या पायरीवर टेकल्या.

"आबा, आता ठराव मोडला म्हनायचा का?"

"ठराव चांगला हाय. करनारा अडानी निघाला."

"तुम्हीच सभेत म्हनले होते, एका घरासाठी गावाचा नियम वाकत न्हाई."

"म्हनलो होतो. पन एकच घर हाय हे मला कुनी सांगितलं?"

सरपंचबाई उठून गेल्या. आता पेपरात बंदीची बातमी वाचली की मला पहिली शंका हीच येते. दिल्लीत काय, बाहेरच्या देशात काय, कलम लिहिण्याआधी कुणी दारात जाऊन विचारलं होतं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचायला गेलो नाही. गल्लीच्या टोकापासून एक-एक घर धरलं. पहिलं दार हॉटेलवाल्याचं. तो तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"आबा, आता सकाळचा बी ब्लॉक का?"

"न्हाई. तुझ्या घरचं कोन कोन भायेर हाय, आन् त्याचा फोन किती वाजता येतो, तेवढं सांग."

त्यानं चूळ भरली, माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची पुढं केली. "बसा," म्हणाला. "दोघं हैत. एक हैदराबादला, एक लातूरला."

मी बसलो.