दुखवट्याच्या वर्षात स्पोर्ट्स गाडीतून

शनिवारी सकाळी आमच्या गावातून, रिह्यातून, निघालो. निघालो म्हणजे आधी गाडीत उतरलो. माझा मुलगा संतोष याची ही स्पोर्ट्स गाडी इतकी बुटकी आहे, की तिच्यात चढता येत नाही, विहिरीत उतरतात तसं उतरावं लागतं. दोन दारं, दोन माणसं, आणि सामानाला जागा म्हणाल तर एक डबा आणि एक टॉवेल. मी वीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला. टेम्पोतून लोकांची टकलं दिसायची. या गाडीतून म्हशीचं पोट दिसतं.

संतोष हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, राहतोही तिकडंच. रोज हीच गाडी घेऊन कामावर जातो, म्हणजे रोज दोन तास गाड्यांच्या रांगेत एका जागी उभा राहतो. उभं राहून कंटाळला की एखाद्या रविवारी ट्रॅकवर जातो (ट्रॅक म्हणजे गाड्या गोल पळवायची बांधीव जागा, माणूस जिथून निघतो तिथंच परत येतो आणि खूश होतो).

मी कशाला गेलो ते सांगतो. कारभारणीला जाऊन दहा महिने झाले. आमच्यात वर्ष फिटेपर्यंत घरात नवं काही घेत नाहीत. संतोषला नवी गाडी घ्यायची होती, ती त्याच्या आत्यानं तेराव्यालाच अडवली. मग पोरानं पळवाट काढली: गाडी जुनीच, तिला भाग नवे. हे सांगता सांगता हसत म्हणाला, "मागच्या वेळी ट्रॅकवर ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं, आण्णा. गवतात घातली म्हणून थांबली."

तो हसला, मी हसलो नाही. घरातलं एक माणूस गेलंय. दुसरं गवताच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, "मी येतो बरूबर. नवं कुटलं आन जुनं कुटलं, ते मी ठरवनार."

घोटावड्यावरून माण, माणवरून हिंजवडी. एरवी हा रस्ता काही लांब नाही, पण संतोषनं मागं स्प्रिंगा बदलून गाडी आणखी खाली बसवली होती. का, तर दिसायला बरी. दोघं बसलो की प्रत्येक गतिरोधकाला खालून खरवडायची. म्हणून गतिरोधक आला की मी उतरायचं, चालत पलीकडं जायचं आणि पुन्हा विहिरीत. माणजवळ भाजी विकणाऱ्या बाईनं विचारलं, "काय वो बाबा, गाडी बिगडली व्हय?"

"न्हाई बाई. लई भारी हाय म्हनून."

हिंजवडीतलं दुकान सोनाराच्या पेढीसारखं. काचा, गारवा आणि आत टाय बांधलेला विक्रेता. त्यानं स्पॉयलर दाखवला (स्पॉयलर म्हणजे डिकीवर लावायचा आडवा फळा).

"अंकल, स्पीडला हा गाडी खाली दाबतो. एकदम स्टेबल."

"हितं रोज किती स्पीडनं जातो मानूस?"

"इथे? दहा. कधी कधी पंधरा."

"मग दहाला ह्यो काय दाबतो?"

"लुक येतो, अंकल."

पुढं सायलेन्सर. त्यानं आवाज दुप्पट होतो. गाडीही दुप्पट पळते का विचारलं, तर म्हणाला, "नाही, पण फील येतो." मग मोठी चाकं आली, वर टायरची नुसती किनार. असल्या चाकांवर खड्ड्यात गेलं तर चाक आणि कंबर बरोबरच जायची. सगळं दुकान फिरलो. पळवायचं होतं, गर्जवायचं होतं, मिरवायचं होतं. थांबवायचं काय आहे विचारलं, तर म्हणाला, "ब्रेकचं मागवावं लागेल. कोणी विचारतच नाही."

तोवर संतोषनं फळा छातीशी धरला होता, लहान लेकरू धरतात तसा.

"ठेव त्यो," मी म्हणालो.

"आण्णा, ही नवी गाडी नाहीये. ॲक्सेसरी आहे."

"गाडीला आदी व्हता का?"

"नाही."

"मग नवा हाय. वर्षात बसत न्हाई. तुझी आय म्हनायची, झिजलं-मोडलं असंल तर बदलावं. त्ये नवं घेनं न्हवं."

हे ती खरंच म्हणाली होती. माझी आई गेली त्या वर्षात आमचा माठ फुटला. मी म्हणालो, राहू दे, वर्ष फिटू दे. ती म्हणाली, "मानूस तहानलेलं ठिवून कसला दुखवटा पाळता?" आणि संध्याकाळी माठ आणला. स्पॉयलरबद्दल मात्र ती काही म्हणाली नव्हती. ते मी माझ्या पदरचं घातलं. मेलेल्या माणसाच्या नावावर आपलं म्हणणं खपवायची आपल्याकडं चालच आहे. मीही खपवलं. फळा परत गेला.

तिथून मागं वळून पिरंगुटला आलो. वडापाव घेतला. गाडीत बसून खायचा म्हणजे कोपर हलवायला जागा नाही. चटणी सीटवर सांडली. संतोष असा ओरडला, की मला वाटलं टायरच फुटला.

भुकूमला संतोषच्या नेहमीच्या मिस्त्रीची पत्र्याची शेड आहे. मिस्त्री माझ्याच वयाचा, तोंड तिखट. त्यानं चाक काढलं आणि पॅड (चाकातल्या तबकडीला चिमटा घेतात ते तुकडे) संतोषच्या हातावर ठेवले.

"साहेब, ह्ये बगा. नखाएवढं ऱ्हायलंय. याच्यावर शर्यती खेळता?"

मग ब्रेकचं तेल काढलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं. "तेलानं पानी धरलंय. तापलं की पानी उकळतं, मग पाय निस्ता हवेत."

मला ठाऊक होतं. भरलेला टेम्पो घेऊन ताम्हिणी उतरताना एकदा माझाही पाय असाच हवेत गेला होता. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, आणि कारभारणीनं का म्हणून विचारलंही नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

संतोषला आता ट्रॅकचेच कडक पॅड हवे झाले. मिस्त्री म्हणाला, "ते गार असले की धरत न्हाईत. ट्रॅकवर चौथ्या फेरीला धरतील, पर सोमवारी हिंजवडीत पयल्याच बसला मुका घ्याल. मधले घाला. रोजचंबी भागंल, रविवारचंबी." टायर दगडासारखे कडक झालेले, ते बदलले. नवं तेल भरलं, चाकं सरळ केली. आणि संतोषनं मागं बदललेल्या जुन्या उंच स्प्रिंगा मिस्त्रीनं आतून काढून आणल्या.

"ठिवल्या व्हत्या. म्हटलं, कवातरी कुनी शाना मानूस येईल."

संतोष म्हणाला, "दिसण्यासारखं एकही काम झालं नाही." पण घरी येईपर्यंत मला एकदाही उतरावं लागलं नाही.

रविवारी ट्रॅक. पौडच्या पुढं, वर चढून एक माळ आहे. आजूबाजूला भातखाचरं, मध्ये काळीभोर डांबराची वेटोळी. आमच्या गावाला असला रस्ता मिळाला असता तर सरपंच दहा वेळा निवडून आला असता. तीसेक गाड्या जमल्या होत्या. जितका फळा मोठा तितका मालक मोठ्यानं बोलत होता.

मी तारेच्या कुंपणाशी उभा राहिलो. संतोषची गाडी टेकाडामागं जायची आणि पलीकडून निघायची. तेवढ्या वेळात मी कुंपणाची तार धरून ठेवायचो. पाचव्या फेरीला ती टेकाडाबाहेर आली, तेव्हा तिच्यापुढची पिवळी गाडी वळणावर गरकन फिरून रस्त्यात आडवी झाली. संतोष सरळ तिच्या दारावर चालला होता.

माझा उजवा पाय मातीत रुतला. कुंपणाशी मी ब्रेक दाबत होतो.

गाडी थांबली. मध्ये फार तर दोन हात राहिले.

पिवळी ओढायला ट्रॅक्टर आला. चालवणारा वरच्या धनगरवाड्यातला. पिवळीवरचा भला मोठा फळा बघून मला म्हणाला, "फळा घेतला, पर शाळा न्हाई केली, व्हय?"

संतोष बाहेर आला. हेल्मेट काढलं. म्हणाला, "पेडल घट्ट होतं, आण्णा." हेल्मेट सीटवर टाकलं. पुन्हा फेरी मारायला गेला नाही.

परत येताना पौड मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "आई खरंच स्पॉयलर नको म्हणाली असती?"

"माठाचं तेवढं खरं हाय. बाकी मी घातलं."

तो हसायला लागला. "मला वाटलंच. ती म्हणाली असती, गाडीच विक." मीही हसलो. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि त्यानं गाडी कडेला घेतली. दहा महिने पोरगा रडला नव्हता. पाहुण्यांना चहा, दाखले, कागद, सगळं बिनबोभाट करत होता. मीही त्याच्यासमोर रडलो नव्हतो. पण त्या गाडीत तोंड फिरवायलाही जागा नाही. खांद्याला खांदा लागलेला, त्यामुळं एकाचा हुंदका दुसऱ्याला हलवतो. बराच वेळ बसलो तसेच. मागून येणारे वळून वळून गाडी बघून जात होते. त्यांना गाडीच दिसत होती.

रिह्यात त्यानं मला हात देऊन बाहेर काढलं. दोन महिन्यांनी वर्ष फिटेल. मग नवं काय नि जुनं काय ठरवायचा माझा अधिकार संपला. तेव्हा तो फळा लावेल, भोंगा लावेल, लावू दे. गाडी सुरू करता करता त्यानं काच खाली केली.

"पुढच्या वेळी याल ना, आण्णा? यायच्या आधी तेल बदलून घेतो."

गुडघे नको म्हणत होते. मी "व्हय" म्हणालो.