तिच्या मुठीतलं उसाचं पातं

बायको गेली त्या एकोणऐंशी सालच्या थंडीत (आमच्या ह्या बेटावर थंडी जून-जुलैत पडते) मी झोपेला भ्यायला लागलो. गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, शिकलो तेवढीच अक्षरं मला येतात, म्हणून आहे ते सरळ लिहितो. ती इस्पितळात होती आणि ऊसतोडणीचे दिवस होते. पहाटे तीनला उठून मी कार्तिए मिलितेर गावच्या उसात तोडणीला जायचो, दुपारी अंगावरच्या त्याच कपड्यांनी बस धरून भेटीच्या वेळेला तिच्याजवळ. त्या दिवशी तिच्या खाटेवर डोकं टेकलं आणि डोळा लागला. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा जाग आली. ती गेली होती. तिच्या मुठीत उसाच्या वाळक्या पात्याचा तुकडा होता, माझ्या केसांत अडकलेला असणार. म्हणजे मला उठवायला तिनं केस ओढले आणि मी मढ्यासारखा पडून राहिलो. हेच डोक्यात बसलं.

मग एकच स्वप्न पडायला लागलं. ती उसात कुठंतरी हाक मारते, मी कोयत्यानं तोडत सुटतो, ऊस काही संपत नाही. घामानं भिजून उठायचो. पुढं पुढं डोळे मिटायचीच भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी फणसाखाली पुरल्या. ज्या झोपेनं बायको नेली ती औषध म्हणून कशाला घेऊ? जागरणानं एकदा कोयता पायावर आला. देवाला हात जोडणंही सोडलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमच्यात मरण झालं की त्या घरात वर्षभर गणपती बसत नाही. माझी लेक सुमन समुद्रकाठी माएबूर्गला दिलेली, तिचं घर वेगळं, तिच्याकडे बसला. विसर्जनाला तिनं मला बोलावून घेतलं. माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, आता कोंबड्याला तुम्हीच उठवता वाटतं."

समुद्रावर सगळे आरतीला उभे राहिले. मी सुतकी, मूर्तीजवळ जायचं नाही, म्हणून लांब कोळ्यांच्या होड्यांकडे जाऊन बसलो. तिथं एक जाडी क्रिओल बाई जाळं शिवत होती. माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या क्रिओल बोलीत म्हणाली, "काय रे बोनोम, म्हाताऱ्या, झोप झाली का तुझी?"

मी दचकलो. म्हटलं, "तू कोण?"

"तुझ्या बायकोच्या शेजारच्या खाटेवर होते. काय घोरत होतास. वॉर्डातलं एक माणूस झोपलं नाही." ती हसली, मग सुई खाली ठेवली. "नर्स तुला उठवायला आली होती. तुझ्या बायकोनं ओठावर बोट ठेवलं. मला म्हणाली, तीन वाजल्यापासून उठलाय, निजू दे. तुझ्या केसांतला पाला वेचत बसली होती, एक एक. मग तिचाही डोळा लागला असं मला वाटलं."

त्या दुपारी शेजारच्या खाटेकडे मी बघितलंच नव्हतं. पात्याचं मी कुणाला, सुमनलासुद्धा, सांगितलं नव्हतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ह्या बाईला ते कुठून कळणार? मी होडीला पाठ टेकली. आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या, त्या कधी थांबल्या कळलं नाही. जाग आली तेव्हा मूर्ती पाण्यात गेलेली, ऊन उतरलेलं, अंगावर जाळ्याचा एक कोपरा पांघरलेला आणि मांडीवर सुमननं ठेवलेला प्रसाद. बाई निघून गेली होती. मला कुणी उठवलं नव्हतं.

त्याला काय म्हणायचं ते जाणत्यांनी म्हणावं. सुतकी म्हणून लांब बसलो नसतो तर ती भेटली नसती, एवढं मला कळतं. देवापासून लांब बसवलं असं मी समजत होतो. दोन महिने जागून मी काय राखलं? राखणारा निराळा आहे. आता दिवा मालवताना त्याला सांगतो, तू जागा आहेस, मी निजतो. स्वप्न अजून पडतं कधी कधी. ऊस तोच असतो. पण ती हाक मारत नाही, बांधावर बसून माझ्या केसांतला पाला वेचते.