आबा बोलले आणि नाना महिनाभर राहिले

लग्न होऊन मी पिंप्राळ्याच्या घरात आले तेव्हा मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे दुपारी नळाच्या तोटीला हात लावला तरी चटका बसतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझे सासरे, आबा, बाहेरून आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. खुर्चीत बसता बसता मला म्हणाले, "काय गारठा पडलाय. सूनबाई, माझा स्वेटर काढा बरं."

मी आत गेले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर शोधून काढला, झटकला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि मफलर?"

मी मफलर आणायलाही निघाले. दारात नवऱ्याने अडवून हळूच सांगितलं, "अगं, आबा उलटं बोलतात."

मग मी ती भाषा शिकले. भाजीत मीठ जास्त पडलं की आबा विचारत, "मीठ फुकट मिळालं का?" कोणी आठ वाजता उठलं की म्हणत, "इतक्या पहाटे कशाला उठलात?" आणि जेवण मनापासून आवडलं की म्हणत, "उतरलं बुवा कसंतरी घशाखाली." सासूबाई या भाषेत इतक्या मुरल्या होत्या की 'कसंतरी' हा शब्द ऐकला की त्या न विचारता आणखी एक पोळी वाढत.

माझी चूक नव्हती. मी ज्या घरात वाढले तिथे शब्दाचा एकच अर्थ असे. माझे वडील, नाना, मोजणी खात्यात होते. शिरपूरच्या आसपासच्या कितीतरी शेतांच्या बांधांवर ते साखळी धरून उभे राहिलेले. "पाच मिनिटांत येतो" म्हणाले की ते पाच मिनिटांत येत. लहानपणी मी एकदा "भुकेने मरतेय" म्हटलं, तर त्यांनी काळजीने विचारलं, "सकाळी जेवली नव्हतीस का?"

मला बघायला मंडळी आली होती, तेव्हाच या दोघांची पहिली ठिणगी पडली. आबा रीतीप्रमाणे म्हणाले, "आमचा मुलगा तसा काही कामाचा नाही बरं का."

नानांनी कप खाली ठेवला. "नोकरी गेली का?"

"नाही, नोकरी आहे."

"मग प्रकृतीचं काही?"

मध्यस्थाने घाईघाईने पोहे पुढे केले म्हणून लग्न झालं. त्यानंतर वीस वर्षं हे दोन व्याही लग्नकार्यात तेवढे भेटत, नमस्कार करत आणि लांबलांबच्या खुर्च्या धरत.

तीनेक वर्षांपूर्वी नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. माझी आई तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली होती. शिरपूरच्या घरी डोळ्यात थेंब घालायला कोणी नाही, म्हणून मी त्यांना जळगावला बोलावलं. थंडीचे दिवस होते. नाना एक पिशवी आणि दोन धोतरं घेऊन आले. ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर आबांच्या खोलीतच त्यांची दुसरी खाट टाकली. आबांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण बोलणार काय?

"चार दिवस राहीन आणि जाईन," नाना म्हणाले.

आबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता आपल्या अहिराणीत म्हणाले, "चारच दिवस? महिनाभर ऱ्हा ना. आम्हले आठे घरमा काय काम शे?"

नानांनी क्षणभर विचार केला. "बरं," ते म्हणाले, "महिनाभर राहतो." मग माझ्याकडे वळून, "शिरपूरला शेजारच्यांना फोन कर. दूधवाल्याला महिनाभर नको म्हणून सांगायला सांग."

आबांचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. माझा नवरा स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजचं दार उघडून त्यात तोंड घालून हसत राहिला.

तिथून आबांचे हाल सुरू झाले. रात्रीच्या जेवणाला शेवभाजी होती, चांगली झणझणीत. आबा डोळे पुसत म्हणाले, "तिखट जरा कमीच पडलं." नानांनी काळ्या चष्म्यातून अंदाज घेत ठेच्याची वाटी ओढली आणि चमचाभर ठेचा आबांच्या ताटात वाढला. पाहुण्याने वाढलेलं टाकायचं कसं? आबांनी तो खाल्ला. त्यानंतर दोन तांबे पाणी प्यायले.

नानांना वाचायची बंदी होती, म्हणून आबा त्यांना बातम्या वाचून दाखवत आणि प्रत्येक बातमीला आपली शेपटी लावत. एकदा आमच्याच कॉलनीच्या रस्त्याची बातमी होती. "आठ दिवसांत काम पूर्ण होणार," आबांनी वाचलं आणि पुढे म्हणाले, "झालंच समजा."

नवव्या दिवशी सकाळी नाना चप्पल घालून तयार. "चला आबा, रस्ता बघून येऊ."

"कोणता रस्ता?"

"तुम्ही म्हणालात ना, झाला म्हणून."

दोघं गेले. तासाभराने परत आले ते भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. नानांनी खोदलेल्या चराच्या कडेने पावलं मोजली होती. "अजून एकशे चाळीस पावलं शिल्लक आहे," ते मला म्हणाले. "आबांना कोणीतरी चुकीची माहिती दिली." आबा बाजूला उभे राहून डोक्यातली धूळ झटकत होते.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथे रोज एक गंमत बघते. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हटलं की खेड्यावरून आलेली माणसं आधी हसतात, कारण तो शब्द त्यांनी चांगल्या अर्थानेच ऐकलेला असतो. मग मला त्यांना समजवावं लागतं की इथे चांगलं म्हणजे वाईट आणि 'निगेटिव्ह' आलं तर पेढे वाटा. त्या महिन्यात मी लॅबमध्ये जे करायचे तेच घरी येऊन करत होते. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून अर्थ उलटे-सुलटे करून द्यायचे.

शेवटी एका संध्याकाळी आबांचा धीर सुटला. ओट्यावर चहा चालला होता. त्यांनी कप ठेवला आणि म्हणाले, "नाना, एक सांगू? मी जे बोलतो ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

"उलटं."

नानांनी हे नीट ऐकून घेतलं. "मग सरळच का नाही बोलत?"

आबांनी कप बशीत नीट सरकवला. मला वाटलं आता काहीतरी तिरकस येणार. पण ते वेगळ्याच आवाजात बोलायला लागले. "तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पन्नासाची गाडी, माणसं नव्वद. त्यात कोंबड्या, पोती. बाजाराच्या दिवशी तर विचारू नका. शिवी दिली की तक्रार, तक्रार झाली की साहेबापुढे उभं राहायचं. मग म्हणायचं, या मामा, या, मागे पलंग टाकलाय तुमच्यासाठी. माणूस हसायचा आणि मागे सरकायचा. त्याला राग नाही, मलाही नाही. सवय लागली ती लागली. साहेबालाही तसंच. साहेब, तुमच्यासारखं वेळापत्रक कोणालाच जमत नाही. तो खूश, आणि आमच्या डेपोतली सगळी पोरं खाली मान घालून हसताहेत."

नाना म्हणाले, "माझ्या कामात ते चालत नव्हतं. बांधाच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा, दोघांच्या हातात काठ्या. माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर डोकी फुटली असती. म्हणून मी जेवढं मोजलं तेवढंच बोलायचो. घरीसुद्धा."

मी दारात उभी होते. या महिन्याआधीच्या वीस वर्षांत मी या दोघांना एकमेकांशी सहा वाक्यांपलीकडे बोलताना पाहिलं नव्हतं.

आबांना आता जोर चढला. "पण उलटं तर तुम्हीही बोलता. घरातून निघताना काय म्हणता?"

"येतो."

"निघताना येतो? आणि देवापुढे नारळ फोडायचा असला की?"

"वाढवा म्हणतो."

"दुकान बंद केलं की दुकान वाढवलं. बाईची बांगडी फुटली की बांगडी वाढली. नाना, तुमचा सगळा गाव उलटा बोलतो. मी एकटाच बदनाम."

नानांनी ते सगळे शब्द बोटांवर मोजले. रात्री डोळ्यात थेंब घालताना मला म्हणाले, "तुझा सासरा हुशार माणूस आहे. मी आयुष्यभर येतो म्हणत आलो, कधी ध्यानातच आलं नाही." दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून असे शब्द शोधत बसले. दुपारी त्यांना आणखी एक सापडला. आमच्या गल्लीतल्या सर्वांत मोठ्याने भांडणाऱ्या बाईंचं नाव 'शांता' होतं. हे त्यांनी आबांना इतक्या गंभीरपणे कळवलं की आबा खाटेवर आडवे होऊन हसले.

तिसऱ्या आठवड्यात डोळ्याच्या तपासणीला जायचं होतं. मला सुट्टी नव्हती, म्हणून आबा त्यांना रिक्षाने घेऊन गेले. पुढचं मला आबांनी सांगितलं, आणि एकदा नाही, दहा वेळा. दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, दोन मिनिटं बसा." नाना बसले. दोन मिनिटं झाली तशी उठून उभे राहिले. "बसा, दोन मिनिटं." असं चार-पाच वेळा झालं. पावणेतीन तास गेले. मग नाना पुन्हा काउंटरपाशी गेले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "काही घाई नाही बाई. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकू द्या, मग दोन्ही एकदमच बघून घेऊ."

ती मुलगी आधी चमकली, मग खुदकन हसली आणि आत जाऊन नंबर पुढे घेऊन आली.

आबा घरी आले ते मुलगा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखे. "अगं ऐकलं का," ते सासूबाईंना सांगत होते, "नाना बोलले. बठ्ठा दवाखाना हसला, सगळाच्या सगळा." नाना खाटेवर बसून आपण काहीच केलं नाही अशा चेहऱ्याने मोजे काढत होते, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हलत होतं.

महिना पुरा झाला. नानांनी दिवस मोजलेले होते, तिसाव्या दिवशी पिशवी भरली. आम्ही सगळे त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. शिरपूरची गाडी लागली. आबांनी सवयीने आधी चढून त्यांना खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले, "नाना, नका जाऊ. मला करमणार नाही."

माझा नवरा हसला. सासूबाई हसल्या. आणि नाना तर सर्वांत जास्त हसले. "आता मला कळतं, आबा," ते म्हणाले, "आता नाही फसणार."

गाडी निघाली. आबाही हसत होते, पण मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या हसण्याला काही आधार नव्हता. आयुष्यात एकदा माणूस सरळ बोलला आणि नेमकं त्याच दिवशी ऐकणारा शहाणा झाला होता. मी गाडीमागे धावून नानांना सांगायला हवं होतं का? तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी स्टँडवर धावताना काय ओरडले असते, कोण जाणे.

त्यानंतर काही दिवस आबा विचित्र वागू लागले. सरळ बोलू लागले. सासूबाईंनी चुलीवर वांगी भाजून भरीत केलं, तर ते म्हणाले, "भरीत छान झालंय." सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी चव घेतली, मीठ पाहिलं, तेल पाहिलं. मग गुपचूप पातेलं उचलून आत नेलं आणि डाळ फोडणीला टाकली. "काय बिघडलं असेल गं?" त्या मला विचारत होत्या. बाहेर आबा रिकाम्या ताटासमोर बसून होते. सरळ बोलणं या घरात महाग पडतं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते आठवड्याभरात मूळ पदावर आले. घराचं आरोग्य सुधारलं.

तिकडे शिरपूरला वेगळाच गोंधळ. आई नाशिकहून परतली होती. तिचा मला फोन आला. "यांना तिथे काय खाऊ घातलंस? काल मी बिनसाखरेचा चहा दिला चुकून, तर म्हणाले, 'गुळाचं गुऱ्हाळ काढलंय वाटतं.' मी घाबरून साखरेची चाचणी करून आणली."

"किती आली?"

"चांगली आली गं. पण हे असं का बोलतात?"

मी तिला समजावलं. ती म्हणाली, "या वयात?"

उन्हाळा लागायच्या आधी एकदा आबा सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाहेर पडले. "मेहरूणला चक्कर मारून येतो," म्हणाले. तलावाकडे ते अधूनमधून फिरायला जात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दुपारी जेवायला आले नाहीत. फोन उचलेनात. नवरा स्कूटर काढून तलावाला फेऱ्या मारत होता. मी लॅबमधून निघण्याच्या बेतात होते, तेवढ्यात आईचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"तुझे सासरे आलेत. एकटेच, एसटीने. मी म्हटलं, बरं झालं आलात, तर म्हणाले, 'नानांना भेटायला नाही आलो, गाडी चुकली म्हणून उतरलो.' जळगावहून चोपड्यावरून शिरपूरलाच येणारी गाडी चुकून कशी येईल गं? आता मी काय समजायचं?"

"नाना काय म्हणाले?"

"ते म्हणाले, 'चुकली तर चुकली. पुढची गाडी पंधरा दिवसांनी आहे.' आणि आता दोघं मागच्या अंगणात बसून शेजाऱ्याचं कुंपण किती आत आलंय ते मोजताहेत."

मी आईला सांगितलं की आबांना चहात साखर कमी लागते आणि उशी उंच लागते. मग नवऱ्याला फोन केला, तो अजून तलावाच्या काठावरच उभा होता.