पत्री मारलेल्या काठ्या

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. मी घोडेगावात राहायचे आणि तिथून अडीच मैलांवरच्या एका वस्तीवर शाळेत शिकवायचे. एकशिक्षकी शाळा, वाट बांधाबांधानं, गाडीघोडं काही नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात, गव्हाच्या रानाचं पाणी वाटेवर आलं होतं तिथल्या उतारावर मी घसरले आणि डावा पाय घोट्याच्या वर मोडला. काळी माती निसरडी होती हे खरं, पण मी नेहमीसारखी धावत निघाले होते हेही खरं.

प्लास्टर निघालं तेव्हा पौष लागला होता. नगरचे डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, नाहीतर पाय असाच आखडून राहील." माझी रजा जानेवारीअखेर संपत होती. तोवर चालता आलं नाही तर वस्तीवर दुसरे गुरुजी येणार आणि मला तालुक्याला कचेरीत बसवणार, असं कळलं होतं. झाडाखाली भरणारी ती शाळा मी चार वर्षं खपून चार भिंतींत आणली होती. ती हातची जाणार म्हणून मी घरात सगळ्यांवर डाफरत होते.

सकाळी उन्हं वर आली की मी सासूबाईंची काठी टेकत बाजारतळावर जायची. गुरांचा बाजार नसेल तेव्हा तिथं माणूस नसायचं, म्हणजे कुणी बघायला नको. पण आमच्या शेजारी एक म्हातारे दलाल राहायचे. बैल विकत घेणाऱ्याला जनावर पारखून द्यायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. गिऱ्हाईक दात बघे, हे चाल बघत. एका सकाळी ते कानाला मफलर गुंडाळून तळाच्या कडेला उकिडवे बसलेले दिसले. माझ्या दोन फेऱ्या होऊ दिल्या आणि म्हणाले, "बाई, रागावू नका, पर तुमची चाल बिघडल्याय."

"म्हणजे?"

"दुखरा पाय तुमी चोरताय. समदा भार चांगल्यावर. असं जनावर लई बघितलंय म्या. आधी चांगला पाय जातो त्याचा. आन काठी बी चुकीच्या हातात हाय."

"काका, मी काय बैल आहे का?"

"न्हाई. बैल ऐकतो."

मी तोंड फिरवून घरी आले. पण रात्री खरोखरच उजवा गुडघा ठणकत होता. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात उभी राहिले. अडला हरी, दुसरं काय.

त्यांनी कळकाच्या दोन काठ्या माझ्या कोपराच्या उंचीला कापल्या. मुठीशी जुन्या चाबकाची वादी बांधली, हात सुटला तरी काठी पडू नये म्हणून. मग बैलांच्या खुरांना पत्र्या मारणाऱ्याकडे त्या नेल्या आणि टोकांना तशाच लोखंडी पत्र्या ठोकून आणल्या. "दवात बैल घसरत न्हाई तो कशानं? पत्रीनं," म्हणाले. डावा पाय पुढं तर उजवी काठी, उजवा पाय तर डावी. पावलं लहान. काठीनं आधी जमिनीला विचारायचं, मगच पाय टाकायचा. मी पहिल्या दिवशी दोन्ही काठ्या एकदमच पुढं फेकल्या, तेव्हा ते म्हणाले, "उड्या मारायच्या असतील तर बेडकाकडं जावा."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बाईंना पत्र्या मारल्या. सासूबाई विहिरीवरून हसत हसतच आल्या. मी इतकी चिडले की दोन दिवस काठ्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घोटा पार लाकूड झालेला. बसल्या जागी मलाच हसू फुटलं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पाय माझा होता, शाळाही माझीच. काठ्या उचलल्या आणि तळावर गेले.

तिथून पुढं रोज. आधी पाच फेऱ्या, मग दहा, मग तळ सोडून गाडीवाट. काका बोलायचे कमी, टोकायचे फार. थंडी कडाक्याची होती, पण अर्ध्या तासात शाल काढून कमरेला बांधावी लागे. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. सासूबाईंवर डाफरणंही कमी झालं, असं त्याच म्हणाल्या.

रजा संपली त्या सकाळी रानात धुकं होतं. काकांनी गावाच्या शिवेपर्यंत सोबत केली आणि म्हणाले, "आता तुमी आन काठ्या." मी पडले होते त्या उतारावर पुन्हा पाणी आलेलं होतं. परत फिरावं असं अगदी मनापासून वाटलं. मग उजवी काठी खाली रोवली. ती रुतली, सरकली नाही. डावा पाय टाकला. सात-आठ पावलांचा तो उतार मला किती वेळ पुरला कोण जाणे. खाली कोरड्या बांधावर पोचले आणि मोठ्यानं रडले. पाय मोडला तेव्हाही मी रडले नव्हते. आसपास कुणीच नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं. मग धुक्यातून वस्तीवरची कुत्री भुंकलेली ऐकू आली, आणि आपल्याला उशीर होतोय हे माझ्या लक्षात आलं.